उकळलेल्या पाण्यातही जे उरते

मागच्या आठवड्यात नांदूरघाटच्या माझ्या दवाखान्यात एक शेतकरी बोअरच्या पाण्याचा तपासणी अहवाल घेऊन आले. क्षार, फ्लोराइड, नायट्रेट, जंतू, सगळे रकाने भरलेले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, यात फवाऱ्याच्या औषधाचा रकाना कुठंय? बोअर तर सोयाबीनच्या मधोमध हाय." मी कागद उलटून पाहिला. रकाना नव्हताच.

पाणी उकळून प्या, असे मी वर्षानुवर्षे सांगत आलो. जंतू त्याने मरतात, हे खरेच. पण खतातून झिरपलेला नायट्रेट उकळून जात नाही. वाफ होऊन पाणी आटते तसे त्याचे प्रमाण उलट वाढते. लिटरमागे 45 मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट असलेल्या पाण्यात वरचे दूध कालवून तान्ह्या बाळाला देऊ नका. बाळ निळे पडू शकते.

गावोगावच्या महिला आता किटवर नायट्रेट, फ्लोराइड तपासतात. मोलाचे काम आहे, पण त्या किटवर कीटकनाशक कळत नाही. त्याला प्रयोगशाळेतले महागडे यंत्र लागते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात मोनोक्रोटोफॉसची मर्यादा लिटरमागे 1 मायक्रोग्रॅम आहे. मोजलेच नाही, तर ती मर्यादा कागदावरच.

माणसांच्या औषधांचेही तेच. आपली मांजरा पाटोदा तालुक्यात उगम पावते, धनेगावच्या धरणात अडते आणि पुढे तेलंगणात जाते. तिथे पाटणचेरूच्या औषध कारखान्यांचा नाला तिला मिळतो. तिथल्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन सापडल्याचे 2007 साली प्रसिद्ध झाले. गोळी घेतलेल्या रुग्णाच्या रक्तातही एवढे नसते! ते पाणी आपल्याकडे येत नाही, ते खालच्या अंगाला आहे. पण जुलाबाला सिप्रो लिहिणारा मीही आहेच, आणि गोळीचा बराच भाग लघवीवाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. औषध लागेल तेवढेच लिहावे, हे आधी मी शिकायला हवे.

प्रत्येक विहीर तपासा, असे मी म्हणत नाही. फवारणीच्या शिवारातली, गावाला पाणी देणारी एक विहीर निवडा आणि पावसाळा संपताना कीटकनाशकांसाठी तपासून घ्या. खर्चाचा ठराव ग्रामसभेत मांडा. आणि फवारणीचा पंप विहिरीच्या काठावर धुऊ नका.