अण्णाला बोट लागते

आमच्या मित्रमंडळात गेली चाळीस वर्षे एक वाक्य म्हणीसारखे रुजले होते : ‘अण्णाला बोट लागते.’ घारापुरीची सहल असो की मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायचे असो, होडीत पाय टाकायची वेळ आली की अण्णा काठावरच बसकण मारायचा. आमच्या पिशव्या, चपला आणि थर्मास सांभाळायचे काम आपोआपच त्याच्याकडे येई. वास्तविक हा गृहस्थ मूळचा रेवसजवळच्या एका खेड्यातला. भाऊच्या धक्क्यावरून लाँच धरली तर दुपारच्या जेवणाला गावी पोचावे. पण अण्णा एस. टी.ने पनवेल, पेण असा वळसा घेत, धूळ खात, संध्याकाळी पोचणार. भरीला मासे खात नाही. समुद्राकाठचा माणूस आणि बांगड्याचा वाससुद्धा नको! आम्ही त्याला ‘रेवसचे स्वामीजी’ म्हणत असू. तोही हसत असे. चेष्टा करणाऱ्यांत मी सर्वांच्या पुढे होतो, हे आरंभीच कबूल करून टाकतो.

2023 साली आम्ही दोघेही निवृत्तीनंतरच्या त्या अवस्थेत होतो, की ज्या वेळी घरात आपण नेमके कुठे बसावे हे कळेनासे होते. त्यातून एक खूळ निघाले. तरुण मुले पाठीवर सॅक टाकून परमुलखात भटकतात, तसे आपणही जावे. देश ठरायला वेळ लागला नाही. शाळेत असताना वर्तमानपत्र उघडले की पहिल्या पानावर सायगाव आणि हनोई. 1975 च्या एप्रिलात ते युद्ध संपले तेव्हा आम्ही मॅट्रिकच्या आसपास होतो. तेव्हा व्हिएतनामच! भाच्याची जुनी सॅक मला मिळाली, अण्णाने मुलाची घेतली. ती पाठीवर चढवून मी आरशासमोर उभा राहिलो तेव्हा आमच्या घरातून उद्गार आला, “दळण आणायला निघालात का?”

डिसेंबरात आम्ही हनोईला उतरलो. जुन्या शहरातल्या अरुंद गल्लीत एका वसतिगृहात वरची आणि खालची अशी दोन बाकडी मिळाली. खोलीतली बाकीची सहा मंडळी आमच्या नातवंडांच्या नसली तरी मुलांच्या वयाची खास होती. त्यांनी आम्हांला खालच्या बाकड्यांवर बढती दिली.

पहिल्याच दिवशी आम्ही दोघे लक्षाधीश झालो. तिथले चलन डाँग. रुपयाला जवळजवळ तीनशे डाँग मिळत. चहाकॉफीला हजारोंनी मोजायचे, जेवणाला लाखाची नोट मोडायची. अण्णाने त्या भाषेतला एकच शब्द पाठ करून ठेवला होता, ‘चाय’. शाकाहाराला तिकडे ‘चाय’ म्हणतात. ही माहिती त्याने मला सांगितली नव्हती. सकाळी एका दुकानात मी मोठ्या तोऱ्यात “चाय, चाय” म्हणून दोन बोटे वर केली, तर पुढ्यात टोफू घातलेल्या सुपाचे दोन वाडगे आले! अण्णा पोट धरधरून हसला. चहाला तिकडे ‘चा’ म्हटले तर कुठे बेत जमतो.

त्यांच्या दोन लाखांच्या नोटेवर समुद्रातून वर आलेल्या एका खडकाचे चित्र आहे. तो हा लाँगच्या उपसागरातला. चुनखडीचे सोळाशेच्या वर लहानमोठे डोंगर तिथे समुद्रात उभे आहेत. युनेस्कोने 1994 मध्ये या जागेला जागतिक वारशात स्थान दिले. ‘हा लाँग’ म्हणजे उतरता ड्रॅगन. शत्रूंची गलबते चालून आली तेव्हा आकाशातून ड्रॅगन उतरला, त्याने तोंडातून रत्ने फेकली, आणि त्या रत्नांचे हे डोंगर झाले, अशी तिथल्या लोकांची समजूत. मी ती नोट अण्णासमोर धरली.

“हे बघायचं का रे?”

“काठावरून दिसत असेल तर बघू,” अण्णा म्हणाला.

इथे मी ती गोष्ट केली. वसतिगृहाच्या गल्ल्यावरच्या मुलीकडे मी दोन माणसांचे पैसे भरले. दोन दिवस, एक रात्र. रात्रीचा मुक्काम बोटीवर. ज्याला आजकाल आपल्याकडेही क्रूझ म्हणतात, ती. माणशी पडलेल्या पैशांत वसतिगृहात दहाएक रात्री सहज निघाल्या असत्या. अण्णाला मी एवढेच सांगितले, “बसची सहल आहे. एक रात्र बाहेर झोपायचं.” दोन्ही वाक्ये खरी होती. खोटे बोलण्याचा हा प्रकार सर्वांत वाईट, हे मी माझ्या मुलांना लहानपणी अनेकदा शिकविले आहे! पण माझा हिशेब साधा होता. बोट लागते म्हणजे काय, तर पोटात ढवळते. त्याला औषध आहे. माझ्या खिशात गोळ्यांची पट्टी होती, आल्याच्या वड्या होत्या, लिंबू होते. एकदा का याची भीती मोडली की मित्राचे केवढे कल्याण!

हनोईपासून हा लाँग दीडशे किलोमीटरच्या घरात. बसने तासभर अंतर काटल्यावर वाटाड्याने ध्वनिक्षेपक घेतला आणि खोल्यांचे क्रमांक वाचायला सुरुवात केली. आमचा क्रमांक आला. “खालचा मजला, खिडकी पाण्याकडे.”

अण्णा माझ्याकडे वळला. “आपण बोटीत झोपणार आहोत?”

“गोळी आणलीय मी,” मी म्हणालो.

तो खिडकीबाहेर पाहू लागला. भातखाचरे गेली, विटांची उंच अरुंद घरे गेली. त्याने एक शब्द काढला नाही. बंदरावर बस थांबली तेव्हा मात्र मी मनातून चरकलो होतो. म्हटले, “नको असेल तर आपण इथंच राहू.”

“पैसे परत मिळतात?”

“नाही.”

“मग चल,” असे म्हणून अण्णाने सॅक खांद्याला लावली. चाळीस वर्षे संसार केलेल्या माणसाचे हे उत्तर ऐकून मला हसू आले, आणि मी सुटलो असे वाटले.

आमची बोट तीन मजली आणि पांढरीशुभ्र होती. तिथल्या बहुतेक बोटी पांढऱ्याच. 2012 साली तसा सरकारी हुकूमच निघाला होता. बोटीवर पाय ठेवताच सगळे प्रवासी छायाचित्रे काढायला वर धावले. अण्णा मात्र खाली गेला. खोलीतली जीवरक्षक जाकिटे त्याने बाहेर काढली, पट्टे ओढून पाहिले. मग मार्गिकेतली पेटी उघडायला लावून तिथलीही मोजली. बाहेर पडायचे दोन्ही जिने तो चढला, उतरला. वाटाड्याला त्याने विचारले, बोटीत माणसे किती आणि वाऱ्याची सूचना कोण देतो? तो पोरगा गोंधळला. मी म्हणालो, “आमचे स्नेही सरकारी तपासनीस होते.” वाटाड्या हसला. अण्णा हसला नाही.

आणि मग बोट निघाली. या समुद्राला लाट अशी जवळजवळ नव्हतीच. डोंगरांनी चहूकडून अडवलेले हिरवे पाणी तळ्यासारखे स्वस्थ पडले होते. हिवाळी धुक्यात जवळचा डोंगर काळा, मागचा राखी, त्यामागचा नुसता धुराचा, असे एकामागून एक पडदे सरकत होते. दुपारी सुंग सोतची प्रचंड गुहा पाहिली. तिच्या पोटात आपल्या गल्लीतल्या दोन चाळी सुखाने मावतील. मग टी टॉप नावाच्या बेटावर चारशेएक पायऱ्या चढलो. हे नाव रशियन अंतराळवीर गेरमान तितॉव्ह याच्यावरून पडले. 1962 मध्ये हो ची मिन्ह यांच्याबरोबर तो इथे आला होता. वरून सगळा उपसागर दिसतो. खाली पांढऱ्या बोटी, कुणीतरी पाण्यावर चुरमुरे सांडावेत तशा.

मी दर अर्ध्या तासाने अण्णाची चौकशी करीत होतो. पोटात ढवळते का? डोके जड आहे का? कशाचाच पत्ता नाही. तो चहा पीत होता, ‘चाय’ जेवण जेवत होता. गोळीची पट्टी माझ्या खिशात तशीच राहिली. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवे होते.

रात्री बोटीने डोंगरांच्या आडोशाला नांगर टाकला. खलाशांनी दिवा पाण्यावर धरून माकुळ पकडायला गळ सोडले. तरुण मंडळींचा गलका चालला होता. अण्णा दुसऱ्या बाजूला कठड्यापासून हातभर दूर खुर्ची ओढून बसला होता. अंगात नारिंगी जाकीट. मी शेजारी बसलो.

“बरं वाटतंय ना? बघ, लागली का बोट?”

“मला बोट कधी लागलीच नाही,” अण्णा म्हणाला. “मी बोटीत बसलोच नव्हतो आजपर्यंत.”

मग त्याने सांगितले. सांगितले ते अगदी थोडक्यात. 17 जुलै 1947. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. त्याचे आजोबा गिरणीतली रजा काढून गावी निघाले होते. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या ‘रामदास’ बोटीत ते चढले. पाऊस होता, वारा होता. काशाच्या खडकाजवळ बोट कलंडली. सहाशेहून अधिक माणसे गेली. काहींना कोळ्यांच्या होड्यांनी वाचविले. अण्णाचे वडील तेव्हा नऊ वर्षांचे. ते वडील घरी येणार म्हणून रेवसच्या बंदरावर जाऊन उभे होते.

“आजोबा सापडले नाहीत,” अण्णा म्हणाला. “आजीने त्या दिवसापासून घरात मासा शिजू दिला नाही. का ते तुझ्या लक्षात येईल. आणि बोटीत कुणी पाय ठेवायचा नाही. ती 1984 साली गेली, पण नेम राहिला. लोक विचारतात तेव्हा हे सगळं कुठं सांगत बसणार? बोट लागते म्हटलं की लोक हसतात आणि विषय संपतो.”

लोक म्हणजे आम्ही. म्हणजे मी.

पलीकडे कुणाच्या तरी गळाला माकुळ लागले आणि टाळ्या वाजल्या. मी म्हणालो, “अण्णा, चुकलं माझं.” तो म्हणाला, “चुकलंच.” थोड्या वेळाने म्हणाला, “झोप तू. मी बसतो जरा.” मी झोपायला गेलो नाही. आम्ही दोघे बसून राहिलो. पहाटे कधीतरी त्यालाच डुलकी लागली. जाकीट अंगात होतेच.

सकाळी लुओन नावाच्या गुहेकडे न्यायला वेताच्या होड्या आल्या. वल्ही मारायला एक तिथलीच बाई होती, डोक्यावर शंकूसारखी टोपी. वाटाड्या सांगत होता की पूर्वी इथे पाण्यावर तरंगती गावे होती; 2014 मध्ये त्या कुटुंबांना किनाऱ्यावर घरे दिली, पण पुष्कळ जण रोज कामाला पाण्यावरच येतात. मी अण्णाला चल म्हटले नाही. पुन्हा ती चूक करणार नव्हतो. तोच उठला, जाकिटाचा पट्टा आवळला आणि होडीत माझ्यासमोर बसला. दोन्ही हातांनी कड घट्ट धरली होती. डोंगराच्या पायथ्याशी कमानीसारखे ठेंगणे भोक. त्यातून होडी आत गेली की चारी बाजूंनी कड्यांनी वेढलेले पाणी. वल्ह्याचा आवाज तेवढा. बाईने वल्हे थांबविले. अण्णाने एक हात सोडला, बोटे पाण्यात बुडवली आणि तशीच ठेवली. नंतर ती त्याने धोतराला पुसावीत तशी पँटला पुसली. एवढेच. घरी परतल्यावर मी हे कुणाला सांगितले नाही. आमच्या मंडळात मात्र ‘अण्णाला बोट लागते’ हे वाक्य मी बंद पाडले.

ही गोष्ट इथे संपली असती तर मला शहाणपणाची दोन वाक्ये लिहिता आली असती, की भीतीला तोंड दिले म्हणजे ती पळते वगैरे. पण 19 जुलै 2025 रोजी त्याच हा लाँगच्या उपसागरात अचानक वादळ उठले आणि प्रवाशांची एक बोट उलटली. पस्तीसहून अधिक माणसे गेली. बातमी वाचून माझे हातपाय गार पडले. तेच तळ्यासारखे पाणी! आणि मी याला त्या पाण्यावर फसवून नेले होते. अण्णाला फोन करायचे धैर्य होईना. त्याचाच आला.

“वाचलंस?”

“वाचलं.”

“म्हणून म्हणतो,” तो म्हणाला, “जाकिटं मोजलेली बरी.”

मला वाटले, झाले; आता हा पुन्हा कधी पाण्याकडे बघायचा नाही. पण त्याच वर्षी दसऱ्याच्या सुमारास तो सकाळी दारात उभा राहिला. हातात पिशवी. गावी चाललो, येतोस का म्हणाला. मी म्हटले, “अटल सेतूवरून जाऊ. 2024 पासून तो झालाय. मोटारीनं झटकन पोचू.” अण्णा म्हणाला, “भाऊच्या धक्क्यावरून.”

लाँच साधीच होती. लाकडी बाके, टोपल्या, सायकली, कोलंबीचा वास. अण्णाने बाकांखाली वाकून जाकिटे मोजली. एका म्हातारीने विचारले, “पोलिसातले का हो?” मी उत्तर दिले नाही. वाटेत त्याने खलाशाला विचारले, काशाचा खडक कोणत्या बाजूला? खलाशाने हात करून दाखविले. अण्णाने पिशवीतून नारळ काढला, कपाळाला लावला आणि पाण्यात सोडला. तो थोडा वेळ वरखाली होत मागे राहिला.

रेवसला उतरताना मी त्याला हात द्यायला पुढे झालो. त्याने माझ्या हातात पिशवी दिली आणि स्वतःच धक्क्यावर पाय टाकला. बंदरावर माणसांची ये-जा चालली होती. त्यात आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा कुणाची तरी वाट पाहत उभा होता. अण्णा त्याच्याजवळ थांबला आणि म्हणाला, “बाळ, कोण यायचंय?”

“बाबा,” तो मुलगा म्हणाला, आणि आमच्या मागून उतरणाऱ्या एका माणसाकडे धावला.

अण्णाने ते दोघे वळणाआड होईपर्यंत पाहिले. मग माझ्याकडची पिशवी घेतली आणि म्हणाला, “चल. जेवणाच्या वेळेला पोचू.”