अन्नामागचे हात

दुपारची घंटा होते, मुले पंगतीने बसतात, श्लोक म्हणून होतो आणि हात ताटाकडे वळतात. श्लोक सर्वांना पाठ असतो. पण खिचडी रांधणाऱ्या बाईंचे नाव किती मुलांना ठाऊक असते? जिला आपण ओळखतही नाही, तिच्याविषयीची कृतज्ञता केवळ घोकंपट्टीच ठरते.

सरकारी शाळांतील भोजनाची देशव्यापी योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. कोरड्या धान्याऐवजी शिजवलेले अन्न द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दिला. तेव्हा हे अन्न भिक्षा नव्हे, तो मुलांचा हक्कच होय. मग उपकार कोणाचे मानावयाचे, असे कोणी विचारील. परंतु न्यायालयाच्या आदेशाने तांदूळ आपोआप निवडला जात नाही. तो कोणीतरी निवडते, धुते आणि भर उन्हाळ्यातही मोठ्या पातेल्यासमोर उभे राहून शिजवते.

म्हणून शिक्षकांनी कृतज्ञतेवर व्याख्याने देण्यापेक्षा मुलांना एकदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत न्यावे. पोळ्याला बैलाची पूजा करणारा शेतकरी त्याला वैरण मात्र रोज घालतो. मुलांनीही रोज ताटात अन्न टाकू नये, वाढणाऱ्या बाईंशी दोन शब्द बोलावेत. मग एखादे दिवशी त्या दिसल्या नाहीत, तर कोणी न सांगताच पंगतीतून प्रश्न येईल, “आज बाई का आल्या नाहीत?”