लेन, गल्ली आणि आळी

बीड शहरांत कोणाचें घर विचारीत निघालें, म्हणजे माळीवेस, धोंडीपुरा, बशीरगंज अशा खुणा कानीं पडतात आणि शेवटीं एक गल्ली येते. मुंबईकरांच्या पत्त्यांत त्याच जागीं 'खेतवाडी, अमुक लेन' असें असतें. मुलांनीं 'लेन म्हणजे गल्लीच ना?' असें विचारिलें, कीं 'होय' म्हणून आपण मोकळे होतों. परंतु या शब्दांचें कूळ पाहण्याजोगें आहे.

'लेन' हा जुना, अस्सल इंग्रजी शब्द. दोहों बाजूंच्या कुंपणांमधून जाणारी अरुंद वाट, हा त्याचा मूळ अर्थ. पुढें कुंपणांच्या जागीं घरें आलीं, तरी शब्द तोच राहिला. दुसरा शब्द 'अ‍ॅली'. तो जुन्या फ्रेंच भाषेंतील 'जाणें' या अर्थाच्या क्रियापदापासून आला. म्हणजे ती केवळ जाण्यायेण्याची जागा.

मराठवाड्यांत 'गल्ली' अधिक बोलतात, पुण्याकडे व कोंकणांत 'आळी'. या 'आळी'चें मूळ संस्कृत 'आलि', म्हणजे ओळ. इंग्रजी शब्दांची दृष्टि वाटेवर, तर आमच्या शब्दाची वाटेच्या कडेस राहणाऱ्या माणसांवर आहे.

मात्र या शेजाराला दुसरी बाजूहि आहे. ओळ एका जातीची, म्हणून नांवहि जातीचें. ब्राह्मण आळी म्हणतांना आपणांस कांहींच वाटत नाहीं. परंतु कित्येक वस्त्यांचीं नांवें अशीं, कीं पत्ता सांगतांना तेथील मुलांस मान खालीं घालावी लागे. डिसेंबर २०२० मध्यें महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें वस्त्यांचीं व रस्त्यांचीं जातिवाचक नांवें बदलण्याचें ठरविलें, तें याचसाठीं.

'लेन' शब्द तर आतां हमरस्त्यावर आला आहे. सोलापूरहून बीडवरून धुळ्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५२ च्या प्रत्येक पट्ट्यासहि इंग्रजींत 'लेन'च म्हणतात. मराठीनें तेथें 'चौपदरी' हा माळेचा, दोराचा शब्द योजिला, आणि तो सहज रुळला. नवा शब्द रुळतो, तसें नवें नांवहि रुळेल.

वाचकांनीं आपल्या गल्लीस नांव कशावरून पडलें, हें घरांतील वडील मंडळींस अवश्य विचारावें. आणि शेजारच्या वस्तीचें नांव तेथील लोकांस सलत असेल, तर तें बदलण्याच्या अर्जावर आपल्याहि घरची सही असावी.