पानाच्या डोक्यात काय आहे?



आमच्या शहरातील मराठी मंडळाची २००१ ते २००५ या काळातील वेबपाने गेल्या महिन्यात एका जुन्या सीडीवर सापडली. त्यांची सूची करण्याचे काम मी अंगावर घेतले. पायथॉनमध्ये वीसेक ओळींचा कोड लिहिला. ‘ब्यूटिफुल सूप’ ही लायब्ररी पानाचा हेड विभाग वाचते आणि त्यातले टायटल व मेटा टॅग वेचून हाती देते. लेखाचे नाव, लेखक, तारीख, भाषा असे चार रकाने केले.

रकाने भरले ते असे : नाव, ‘अनटायटल्ड डॉक्युमेंट’. लेखक, कोरा. तारीख, कोरी. भाषा सांगितलेलीच नाही आणि चारसेट आयएसओ ८८५९-१, म्हणजे पश्चिम युरोपीय भाषांसाठीचा. पानामागून पान हेच.

त्यातच एका काकूंचा विधवांना हळदीकुंकवाला बोलावण्याविषयीचा लेख होता. त्यावरून मंडळात केवढे वादळ उठले होते! काकू आज हयात नाहीत. लेख आहे, पण यंत्राच्या लेखी तो निनावी, शीर्षकहीन आणि कुठल्यातरी युरोपीय भाषेतला. बाईचे नाव गाळण्याची आपली परंपरा जुनी आहे. इथे तर ते कोणी मुद्दाम गाळलेही नाही, लिहायचे कष्टच कोणी घेतले नाहीत.

त्या काळची अडचण मला मान्य आहे. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून असली तरी घरोघरच्या संगणकांवर ती नीट दिसायला बराच काळ गेला. म्हणून आपण रोमन अक्षरे साठवून वर मराठी दिसणारा फाँट चढवला. फाँट गेला, उरला रोमन अक्षरांचा चिवडा. पण टायटल टॅगमध्ये रोमन लिपीत का होईना, लेखाचे आणि लेखिकेचे नाव लिहायला कोणता फाँट लागत होता?

आणि आज? उत्सुकतेपोटी हाच कोड सध्याच्या काही मराठी पानांवर चालवला. अक्षरे युनिकोडमध्ये, पण एचटीएमएलच्या पहिल्याच टॅगमध्ये भाषा ‘ईएन’, इंग्रजी! तयार टेम्प्लेट घेतले, ती दोन अक्षरे तशीच राहिली. मराठीसाठी ‘एमआर’ हा संकेत आहे, तो लिहायला पाच सेकंद लागतात.

“काय फरक पडतो? गूगल मजकूर पाहून भाषा ओळखतेच,” असे एका मित्राने ऐकवले. ते खरे आहे. पण पाने फक्त गूगल वाचत नाही. अंध वाचकाचे स्क्रीन रीडर याच संकेतावरून उच्चारासाठी आवाज निवडते. ‘ईएन’ लिहिले की मराठी वाक्य इंग्रजी आवाजाच्या तोंडी दिले जाऊ शकते. मराठी वळणाचे ल आणि श हिंदीहून वेगळे. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये वर्णलेखनाचा निर्णयही काढला. ती वळणे ज्या फाँटमध्ये आहेत, ते फाँटही हाच संकेत पाहून ती दाखवतात. चारसेट जाहीर केला नाही तर वाचणारा प्रोग्रॅम अंदाज बांधतो. तो चुकला की ‘मराठी’ या शब्दाचे पाच युनिकोड घटक पंधरा बाइटांचे पंधरा निरर्थक तुकडे होतात. ही जाहिरात पानाच्या पहिल्या १०२४ बाइटांत हवी, एवढाच नियम.

हे आपल्याला ठाऊक नाही असे थोडेच आहे? आपल्यापैकी अनेकजण दिवसभर हेच करतो. मालकाच्या डेटाबेसमधला एक रकाना कोरा राहिला तर रात्री जागून भरतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा अभिनंदनाचे निरोप पाठवून फोन तापले. भाषेचा अभिमान निरोपात आणि शिस्त मात्र फक्त कंपनीसाठी, ही वाटणी मला लाजिरवाणी वाटते. ज्ञान सर्वांना खुले हवे असे म्हणणाऱ्यांनी ते सापडेल आणि ऐकू येईल असे ठेवायला नको का?

तेव्हा एक रविवार द्या. आपापल्या मंडळाच्या पानांचा हेड विभाग उघडा. टायटल, लेखक, तारीख, युटीएफ-८ आणि ‘एमआर’ एवढे भरा. कोड मी देतो, चिवड्याचे युनिकोड करायलाही बसतो. काकूंच्या लेखापासून सुरुवात केली आहे. त्यांचे नाव आता पानाच्या डोक्यावर आहे.