इम्प्लांट किडत नाही, म्हणून?

‘इम्प्लांटला कीड लागत नाही, आता मरेपर्यंत काळजी मिटली.’ परभणीत दात बसवून आलेला माणूस हे हमखास ऐकवतो. त्यातलं पहिलं खरं, दुसरं धादांत खोटं. इम्प्लांटचा टायटॅनियमचा स्क्रू किडत नाही. झिजतं ते त्याला धरून ठेवणारं हाड. आणि झिजवणारे जंतू बहुतेक पायरियाचेच, पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस आणि मंडळी.

नैसर्गिक दाताच्या मुळात हिरडीचे तंतू आडवे रुतलेले असतात. जंतूंना तेवढा तरी अडसर. इम्प्लांटभोवती हेच तंतू स्क्रूला समांतर जातात, त्यात रुतत नाहीत. सूज हाडापर्यंत लवकर उतरते. पुन्हा दुखत फारसं नाही. ब्रशला रक्त लागतं, हिरडी दाबली की पू येतो, तरी स्क्रू घट्टच, कारण खालच्या हाडाने तो धरलेला असतो. हलू लागेपर्यंत वाट पाहिली तर तो बहुधा काढावाच लागतो. बिडी ओढणाऱ्याचं तर रक्तही कमी येतं, म्हणजे तेवढी खूणही गेली.

दुसऱ्या टोकाची मंडळी म्हणतात, ‘शरीराला धातू सोसत नाही, कवळीच बरी.’ स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाला बसवलेले इम्प्लांट चाळीस वर्षं, त्याच्या मृत्यूपर्यंत टिकले. दोष धातूचा नव्हे.

मग गोळ्या? मेडिकलवरून पाच दिवसांचं अँटिबायोटिक आणलं की सूज ओसरते आणि माणूस निर्धास्त होतो. स्क्रूच्या आट्यांवर जंतूंचा चिकट थर तसाच असतो. तो खरवडूनच काढावा लागतो.

२०१७ साली शिकागोत जमलेल्या हिरडीतज्ज्ञांनी धोके स्पष्ट नोंदवले: आधीचा पायरिया, अस्वच्छता, नियमित तपासणी नसणे. यातला पहिला आणि तिसरा निम्मा तरी डॉक्टरांच्या पदरात जातो. पायरिया न आवरता स्क्रू ठोकणं, कॅपचं सिमेंट हिरडीखाली राहू देणं, हे रुग्णाच्या ब्रशवर कसं ढकलणार? (गुटख्याची पुडी सोडायला मात्र त्यालाच लागेल, २०१२ च्या गुटखाबंदीवर विसंबून चालणार नाही.)

तपासणीसाठी पुण्याला जावं लागत नाही. परभणीत सरस्वती धन्वंतरी डेंटल कॉलेज आहे, आणि जिंतूर-गंगाखेडचा माणूस बाजाराला इथे येतोच. बिल देताना सहा-सहा महिन्यांच्या तारखा लिहून घ्याव्यात आणि कॅप बसवलेल्या दिवशीचा एक्स-रे मागून घरी ठेवावा. हाड किती खाली गेलं, हे पुढे त्याच्याशीच ताडून पाहता येतं.