नाचणारीला हाकला म्हणणं सोपं आहे

नातेपुत्यात फुटबॉल खेळला जातो हे सांगितलं की बाहेरची माणसं हसतात. गाव ओळखलं जातं ते माउलींच्या पालखीच्या मुक्कामामुळे, पुणे-पंढरपूर रस्त्यामुळे आणि उसामुळे. इथे खेळ म्हणजे कुस्ती, खो-खो आणि टेनिस बॉलचं क्रिकेट. पण २०१७ साली सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात झाला, त्याआधी १५ सप्टेंबरला राज्यभरच्या शाळांतून पोरांच्या हाती, म्हणजे पायी, फुटबॉल दिले गेले. एका दिवसासाठी ते फार मोठं झालं. मग बहुतेक चेंडू फुटले किंवा कपाटात गेले. आमच्याकडे मात्र पाच-पंचवीस पोरांना त्याची चटक लागली. २०२२ च्या डिसेंबरात मेस्सीची फायनल बघताना ही पोरं मोबाइलभोवती अशी बसली होती की चहाचा कप हातातच गार झाला.

ही पोरं आता मोठी झाली आहेत आणि ऊस गेल्यावर मोकळ्या पडलेल्या रानात सात-सात जणांची स्पर्धा भरवतात. मोहल्ल्यातली आहेत, माळवाडीची आहेत, पेठेतली आहेत. वर्गणी काढतात, मांडववाल्याची उधारी करतात, फ्लेक्सवर कोणत्या पुढाऱ्याचा फोटो मोठा यावरून भांडतात. मला वयामुळे कमिटीत बसवतात.

यंदाच्या बैठकीत एकाने प्रस्ताव मांडला. शेजारच्या गावात क्रिकेटच्या फायनलला नाचणाऱ्या मुली आणल्या होत्या, मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. आपणही आणू. आयपीएलला असतात, मग आपल्याला का नकोत?

त्यानंतर तासभर जे झालं ते कुठल्याही गावात झालं असतं. एक चाचा उठून म्हणाले, तौबा, असला प्रकार असेल तर आमच्या घरचं एक पोर मैदानात दिसणार नाही. दुसरे एक काका, गळ्यात तुळशीची माळ असलेले, म्हणाले की हे पालखीच्या तळाचं गाव आहे, इथे असले चाळे नकोत. संस्कृती आणि शरीयत एकाच बाकड्यावर इतक्या सलोख्याने बसलेल्या मी बऱ्याच दिवसांनी पाहिल्या. प्रस्ताव मांडणारा म्हणत होता की गर्दी झाली नाही तर देणगीदार पुढच्या वर्षी फिरकणार नाही. आणि तिसरा गट होता तो खऱ्या फुटबॉलवेड्यांचा. त्यांचं म्हणणं, फुटबॉलला चिअरलीडर लागत नाही, ते क्रिकेटचं खूळ. फुटबॉलमध्ये ओरडतो तो प्रेक्षकच. मी याच गटाच्या बाजूने बोललो आणि समाधानाने घरी आलो.

घरी बहिणीची मुलगी आली होती. नववीत आहे, शाळेच्या संघात गोलकीपर. तिला सगळी हकीकत सांगितली. ती ऐकून घेतलं आणि दखनीत एवढंच विचारलं, मामू, फायनल बघायला आम्ही आलो तर बसायचं कुठं?

मागच्या वर्षी ती तीन मैत्रिणींना घेऊन आली होती. हाफटाइमलाच परत गेल्या. का, ते तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. मागे उभी असलेली पोरं काय काय बोलत होती ते तिने आता सांगितलं. त्या दिवशी मैदानात एकही नाचणारी नव्हती.

तेव्हापासून मी या विषयाकडे नव्याने बघतो आहे.

२००८ साली आयपीएल सुरू झाली तेव्हा पहिल्याच आठवड्यात महाराष्ट्रात चिअरलीडरवरून वादळ उठलं. राज्याचे तेव्हाचे गृहराज्यमंत्री सिद्धाराम म्हेत्रे हे आमच्या सोलापूर जिल्ह्यातले, अक्कलकोटचे. हे अश्लील आहे, आपल्या संस्कृतीत बसत नाही, असा आक्षेप त्यांनी घेतला. विरोधी पक्षही त्यात मागे नव्हता. त्याच्या तीनच वर्षं आधी, २००५ मध्ये, याच राज्याने डान्सबार बंद केले होते. पंचाहत्तर हजारांच्या आसपास बायका त्या धंद्यावर जगतात असा आकडा तेव्हा सांगितला जायचा. त्या कायद्यातली गंमत अशी की तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना, क्लबांना सूट होती. म्हणजे बघणारा श्रीमंत असेल तर नाच ही कला, बघणारा रिक्षावाला असेल तर अनीती. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही बंदी रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तोच निकाल कायम ठेवला. मधल्या सात-आठ वर्षांत त्या बायका कुठे गेल्या, काय करून जगल्या, याची चिंता संस्कृतीवाल्यांपैकी कुणी केल्याचं मला आठवत नाही.

आयपीएलचे चिअरलीडर मात्र राहिले. त्यांच्यामागे पैसा मोठा होता.

आता फुटबॉलवाल्यांचं म्हणणं घेऊ, कारण ते मला अजूनही पटतं. अर्ध्या तासापूर्वी कुणी शिकवलेल्या तालावर टाळ्या वाजवणं आणि नव्वद मिनिटं आपल्या संघाबरोबर जीव टांगणीला लावणं, यांत फरक आहेच. कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, खंडोबा यांचे सामने ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे सांगायला नको. तिथे तालमी आणि पेठा खेळतात. कुणाच्या आजोबाने ज्या संघासाठी गळा फोडला, त्याच संघासाठी नातू फोडतो. त्या गर्दीला कुणी पैसे देऊन नाचायला माणूस आणला तर ती त्याच्याकडे बघणारसुद्धा नाही.

जर्मनीत तर हे उघडच झालं. २०१७ च्या मे महिन्यात बर्लिनला जर्मन चषकाचा अंतिम सामना होता, डॉर्टमुंड विरुद्ध फ्रँकफुर्ट. मध्यंतरात हेलेने फिशर ही तिथली अतिशय लोकप्रिय गायिका गायला आली. दोन्ही संघांच्या चाहत्यांनी मिळून इतक्या शिट्या आणि आरोळ्या घातल्या की गाणं बुडालं. चाहत्यांचा राग महासंघावर होता. आमच्या खेळाचा तमाशा करू नका, अमेरिकेसारखा बाजार मांडू नका, असं त्यांना म्हणायचं होतं. (तमाशा हा शब्द आपण असा वापरतो, हेही एकदा स्वतःला विचारायला हवं.) कारण चुकीचं नव्हतं. पण मैदानात उभी कोण होती? करार करणारे अधिकारी काचेच्या कक्षात बसले होते आणि शिव्या पडल्या त्या माइक घेऊन उभ्या असलेल्या बाईवर.

आमच्या बैठकीतही हेच झालं. नाच आणायचा ठरवणारा पुरुष, पैसे देणारा पुरुष, बघायला जमणारे पुरुष, नको म्हणणारेही पुरुष. आणि अख्खा तासभर आम्ही बोललो कुणाबद्दल, तर त्या मुलींच्या कपड्यांबद्दल, ज्यांची नावंही आम्हाला ठाऊक नव्हती.

चिअरलीडिंगचा इतिहास काढला तर आणखी मौज. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १८९८ साली हे सुरू झालं तेव्हा घोषणा देणारे पुरुष होते. बायका त्यात आल्या १९२० च्या दशकात, आणि दुसऱ्या महायुद्धात पुरुष लढायला गेल्यावर तो त्यांचाच प्रांत झाला. पुढे दूरचित्रवाणी आली आणि कपडे तोकडे होत गेले. मजुरीही तोकडीच राहिली. ओकलंड रेडर्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या चिअरलीडरनी २०१४ मध्ये कोर्टात जाऊन सांगितलं की सरावाचे, फोटोंचे तास धरले तर किमान वेतनसुद्धा पदरात पडत नाही. संघाने साडेबारा लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि पुढच्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याने त्यांना कर्मचारी मानणारा कायदा केला. आपल्याकडचं सांगायचं तर २००८ मध्येच मोहालीत दोन कृष्णवर्णीय चिअरलीडरनी तक्रार केली की रंगामुळे आम्हाला मैदानात उतरू दिलं नाही. २०११ मध्ये एका दक्षिण आफ्रिकन मुलीने पार्ट्यांमधल्या खेळाडूंच्या वागण्याबद्दल लिहिलं, तर तिलाच घरी पाठवण्यात आलं. खेळाडूंचं काय झालं? ते खेळत राहिले.

म्हणजे ज्यांना या नाचात बाईचा बाजार दिसतो त्यांना तो बरोबरच दिसतो. फक्त बाजारात माल कोण विकतं आणि मजुरी कोण बुडवतं तिकडे बोट जात नाही.

आता आपल्या लोकांशी थोडं बोलायचं आहे. चाचांना मी ओळखतो, माणूस सच्चा आहे. पण हया फक्त बाईच्या अंगावर मोजायची सवय आपल्याला कशी लागली? सूरह नूरच्या तिसाव्या आयतीत नजर खाली ठेवायला सांगितलं आहे ते आधी पुरुषांना. बायकांचा उल्लेख त्यानंतरच्या आयतीत येतो. हा क्रम आपल्या तकरीरींमध्ये बहुतेक वेळा उलटा होतो. मागच्या वर्षी माझ्या भाचीच्या मागे उभी राहून जी पोरं बोलत होती, त्यांतली काही आपल्याच मोहल्ल्यातली होती. त्यांच्या बापांपैकी कुणाला त्या दिवशी तौबा आठवली नाही.

आणि मैदानातून बाई हटवायला लागलं की हात कुठे थांबतो? इराणमध्ये चिअरलीडरचा प्रश्नच नव्हता, तरी क्रांतीनंतरची चाळीसेक वर्षं बायकांना पुरुषांचा फुटबॉल सामना बघायला स्टेडियमचं दार जवळजवळ बंदच होतं. सहर खोदायारी नावाची मुलगी पुरुषी वेशात आत शिरताना पकडली गेली. तुरुंगवास होणार असं कानावर आल्यावर तिने कोर्टाबाहेर स्वतःला पेटवून घेतलं आणि सप्टेंबर २०१९ मध्ये ती गेली. तिच्या संघाचा रंग निळा, म्हणून जग तिला निळी मुलगी म्हणतं. महिन्याभरात, १० ऑक्टोबरला, तेहरानच्या आझादी स्टेडियममध्ये साडेतीन हजारांवर बायका वेगळ्या कुंपणाआड बसल्या आणि त्यांनी इराणला कंबोडियाविरुद्ध १४ गोल करताना पाहिलं. तालिबानने २०२१ मध्ये आयपीएलचं प्रक्षेपण बंद केलं, कारण त्यात नाचणाऱ्या मुली आणि उघड्या डोक्याच्या प्रेक्षक बायका दिसतात. नाचणारी आणि बघणारी, दोघी एकाच यादीत. त्याच सुमारास अफगाणिस्तानच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुली देश सोडून पळत होत्या.

दुसरं टोकही काही कमी नाही. २०१८ च्या रशियातल्या विश्वचषकात फिफाला कॅमेरावाल्यांना सांगावं लागलं की स्टँडमधल्या देखण्या मुली हुडकून हुडकून दाखवू नका. तिकीट काढून सामना बघायला आलेल्या बाईचाही यांनी नाच करून टाकला होता.

मग बाईने चारचौघांत नाचूच नये का? नातेपुत्यात राहणाऱ्या माणसाने हा प्रश्न विचारावा हेच नवल. दरवर्षी आषाढात माझ्या दारासमोरून वारी जाते. पन्नाशी-साठीच्या बाया रस्त्यात पिशव्या ठेवून फुगडी घालतात, पदर उडतात, श्वास फुलतो, हसून हसून खाली बसतात. आम्ही चहा-पाणी घेऊन उभे असतो. तिथे कुणाची नजर चळत नाही, कुणी शिटी मारत नाही. अकलूज आमच्याच तालुक्यातलं. तिथल्या लावणी स्पर्धेला घरातल्या बायका पुढे बसून लावणी बघायच्या आणि फडातल्या कलावंतीणला मान मिळायचा. वेळापूरच्या मुली शॉर्ट घालून खो-खो खेळतात आणि सगळा तालुका त्यांचं कौतुक करतो. आणि याच जिल्ह्यांत गौतमी पाटीलच्या कार्यक्रमात पोलिसांना लाठ्या काढाव्या लागतात. अंग तेच, पाऊल तेच. जमलेले पुरुष काय ठरवून आले आहेत आणि त्यांना आवरणारं कुणी आहे का, यावर सगळं ठरतं.

दुसऱ्या बैठकीत मी माझं मत बदललं असं सांगितलं. नाच नकोच, पण कारण वेगळं लिहा. आपल्याकडे त्या मुलींना द्यायला रीतसर मजुरी नाही, कपडे बदलायला बंद खोली नाही, रात्री सुखरूप परत पोचवायची सोय नाही आणि गर्दी आवरायची आपली ऐपत नाही. संस्कृतीचं नाव घेऊन हे झाकू नका. आणि दुसरं, फायनलला मुलींनी कुठे बसायचं ते ठरवा.

पहिल्या मुद्द्यावर चाचा आणि माळवाले काका खूश झाले, कारण निकाल त्यांना हवा तोच होता. दुसऱ्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकाने सुचवलं की एका बाजूला दोरी बांधू, मांडववाल्याकडून तीस खुर्च्या मागवू. घरी येऊन भाचीला सांगितलं तर ती म्हणाली, दोरी आम्हाला कशाला, घाण बोलणाऱ्याला पंचाने बाहेर काढायचं, जसं लाल कार्ड दाखवतात तसं. आणि फायनलच्या आधी मुलींचा एक सामना ठेवा, वीस मिनिटांचा का होईना, म्हणजे बघायला कोण येतं ते कळेल. संघ एकच आहे, दुसरा वेळापूरहून किंवा माळशिरसहून बोलवावा लागेल. जाण्यायेण्याचं भाडं कोण देणार, हा प्रश्न आता कमिटीपुढे आहे. बैठक या शुक्रवारी आहे, जुम्यानंतर. तिलाही घेऊन जाणार आहे.