समुद्रफुलाचा गृहप्रवेश

मुलांनो, पोलादपूरहून एका दोस्ताचं पत्र आलंय. तो लिहितो, "आमच्या घरी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. सुरू करून दीड महिना झाला. दोन क्लाऊन मासे मजेत आहेत. आता मामा मुंबईहून समुद्रफूल आणणार आहे. ते टाकीत कसं सोडायचं?"

दोस्ता, आधी मामाला फोन लाव आणि सांग, "मामा, इतक्यात नको!" रागावलास? मग कारण ऐक.

समुद्रफूल हे नावाचंच फूल. खरं म्हणजे तो प्राणी आहे, जेलीफिश आणि प्रवाळ यांचा भाऊबंद! पाकळ्या वाटतात ती त्याची शुंडकं. त्यांत डंख मारणाऱ्या पेशी असतात. तोंड एकच, घास आत जातो तिथूनच आणि घाण बाहेर येते तीही तिथूनच. क्लाऊन मासा ज्यात राहतो त्या समुद्रफुलाच्या अंगात सूक्ष्म शैवालं असतात. ती उजेडात अन्न बनवतात आणि यजमानालाही देतात. म्हणून टाकीवर चांगला प्रखर दिवा हवा.

आणि पाणी? ते मुरलेलं हवं, लोणच्यासारखं! वाळूत आणि दगडांवर उपयोगी जिवाणूंची वस्ती नीट बसायला वेळ लागतो. माशांची घाण तेच निस्तरतात. टाकी निदान सहा महिने, जमलं तर वर्षभर सुरळीत चालू दे. मासे थोडं चालवून घेतात, समुद्रफूल घेत नाही.

समुद्राच्या १ लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. उन्हाळ्यात १०० लिटरच्या टाकीतलं ५ लिटर पाणी उडून गेलं, तर क्षार मागेच राहतात आणि तो आकडा जवळजवळ ३७ वर जातो. म्हणून रोज क्लोरीन काढलेलं गोडं पाणी घालून पातळी सारखी ठेवायची. सावित्रीचं पाणी मात्र नको हं! भरती महाडपर्यंत येते खरी, पण खाडीचा खारटपणा भरती-ओहोटीला बदलतो आणि पावसाळ्यात तर पार उतरतो.

टाकी मुरली की मग गृहप्रवेश. समुद्रफुलाची पिशवी बंद ठेवूनच पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगू दे. मग त्याला त्याच पाण्यासकट स्वच्छ भांड्यात घे आणि बारीक नळीने टाकीतलं पाणी थेंब थेंब सोड, तासभर तरी. घाई केलीस की संपलं! नंतर ओल्या हातमोज्यांनी अलगद उचलून खडकाजवळ ठेव. भांड्यातलं पाणी टाकीत ओतू नकोस. पंपाच्या तोंडाला जाळी बांध, कारण नवा पाहुणा जागा शोधत फिरतो. पहिले काही दिवस खायला नको. मग वाटाण्याएवढा कोळंबीचा तुकडा पुरे.

आता आई-बाबांसाठी एक ओळ. समुद्रफूल मेलं तर कुजून सगळं पाणी नासवतं आणि मासेही जातात. विरघळू लागलं, वास आला, की लगेच बाहेर! शिवाय २०२१ च्या जुलैमधला महाडचा पूर आठवा. वीज गेली की पंप थांबतो. बॅटरीवरचा हवापंप घरात आहे ना? नसेल, तर पाहुण्याला बोलावू नका.

एवढी खटपट कशाला, असं वाटेल. पण सर जॉन डॅलियल या स्कॉटिश गृहस्थाने १८२८ साली किनाऱ्यावरून एक समुद्रफूल घरी आणलं. ते काचेच्या बरणीत राहिलं. समुद्राचं पाणी बदलायचं, अधूनमधून घास द्यायचा, एवढंच. १८५१ साली डॅलियल वारले, पण समुद्रफूल जगलं! एकाने दुसऱ्याच्या हाती सोपवलं आणि ते थेट १८८७ सालापर्यंत टिकलं. लोक त्याला लाडाने 'आजी' म्हणत. ते थंड समुद्रातलं होतं, आपलं उबदार पाण्यातलं. पण सांभाळायची शिस्त एकच.

तोवर काय करायचं? मोठ्या माणसांबरोबर ओहोटीच्या वेळी हरिहरेश्वरच्या खडकांवर जा. खळग्यात नीट बघ. हात लावायचा नाही, उपटायचं तर मुळीच नाही. पाण्यात फुललेलं आणि कोरडं पडल्यावर बटणासारखं मिटलेलं, अशी दोन्ही रूपं दिसली तर वहीत काढून ठेव.

आणि सहा महिन्यांनी मला पुन्हा पत्र लिही. वाट बघतोय!